मार्था लोंढेंची जिवंत खूण

माझी आई माणूस नाही, असा निकाल बेचाळीस हजारांच्या एका कॅमेऱ्याने नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी दिला. पडद्यावर लाल अक्षरांत आलं : 'कृत्रिम चेहरा. खूण देता येत नाही.' मी ते आईला वाचून दाखवलं.

"मग रात्रीचा स्वयंपाक तू कर," आई म्हणाली. "मला कशाला राबवतेस?"

मी हसले नाही. कॅमेरा तपासताना मी हसत नाही, आणि तपासणी बिघडली की माझं टाळकं सरकतं. मी सुवार्ता लोंढे, पुण्यात राहते, कॅमेरे तपासते आणि ते कसे आहेत हे मराठीत सांगते. माझं तोंड फाटकं आहे हे माझ्या प्रेक्षकांना माहीत आहे. त्यासाठीच ते येतात म्हणा ना.

माझी एक पद्धत आहे. कॅमेरा कितीही महाग असो की स्वस्त, पहिली चाचणी मिरजेला आईच्या घरी, मागच्या निळ्या दारापुढे, दुपारी चारच्या उन्हात. तेच दार, तोच प्रकाश, तोच चेहरा, म्हणजे दोन कॅमेऱ्यांतला फरक लगेच कळतो. नऊ वर्षांत असे एकसष्ट कॅमेरे आईपुढे उभे राहिले. आई मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात चौतीस वर्षं नर्स होती, त्यामुळे बोलायचं काय हा प्रश्नच नव्हता. ती ओव्हर द्यायची. पाळी संपली की नर्स पुढच्या नर्सला प्रत्येक खाटेची हकीकत सांगते, तोच ओव्हर. "बेड नंबर एक, ताप उतरलाय, पेज दिली. बेड नंबर दोन, सलाईन चालू, नातेवाईक भांडखोर..." अशा बारा खाटा, बरोब्बर दीड मिनिट.

या वेळचा कॅमेरा होता 'लोचन एल-१०'. आत आरसा नसलेला, हातात मावेल एवढा, लेन्स बदलता येणारा, पडदा आपल्याकडे वळवता येणारा. थोडक्यात, व्लॉग करणाऱ्या पोरापोरींसाठी बनवलेला. चालताना चित्र फार हलत नव्हतं. फोकस चेहऱ्यावरून घसरत नव्हता. माइक मात्र रद्दी, दारामागचा कुकर आईपेक्षा मोठ्याने बोलत होता. पण सगळ्यांचं लक्ष होतं ते एकाच गोष्टीकडे : एवढ्या कमी किमतीत 'जिवंत खूण' देणारा हा पहिलाच कॅमेरा होता.

ही खूण काय ते सांगते. गेल्या काही वर्षांत खोट्या व्हिडिओंचा इतका सुळसुळाट झाला, की आपल्या मामाने खरंच पैसे मागितले की मामाच्या बनावट चेहऱ्याने, हे मामीलाही सांगता येईना. शेवटी यंदा व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांनी नियम केला : चित्रण होतानाच कॅमेऱ्याने समोरच्या माणसाची नाडी तपासावी आणि तसा शिक्का फाइलवर मारावा. शिक्का नसेल तर व्हिडिओ 'कृत्रिम' या रकान्यात. तिकडे कुत्रंही फिरकत नाही.

कॅमेऱ्याने नाडी कशी बघायची? हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्यात थोडं जास्त रक्त येतं. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. म्हणजे दर ठोक्याला आपल्या कपाळावरून परतणारा हिरवा प्रकाश किंचित, अगदी किंचित कमी होतो. डोळ्याला ते दिसत नाही. पण कॅमेरा कपाळाचे आणि गालांचे लाखभर ठिपके एकत्र मोजतो, आणि त्या बेरजेत नाडी स्पष्ट वरखाली होताना दिसते.

लबाडांनी लवकरच बनावट चेहऱ्यातही नाडी घातली. पण ती घड्याळी असायची. खरं हृदय तसं चालत नाही. श्वास आत घेतला की ठोके जरा लवकर पडतात, सोडला की जरा उशिरा, मनात काही आलं की आणखी वेगळे. म्हणून कॅमेरा आता नाडीबरोबर तिचा अनियमितपणाही तपासतो. ठोके फारच शिस्तीत पडले, तर समोर माणूस नाही.

मी खूण स्वतःवर तपासली. हिरवी. शेजारचे शौकतचाचा सतारी बनवतात, त्यांना हाताला धरून आणलं. हिरवी. चाचांच्या हातावर अजून भोपळ्याचा भुसा होता.

"सिस्टर, तुम्ही पुन्हा उभ्या राहा," चाचा म्हणाले. "मशीनला चष्मा लागला असेल."

आई पुन्हा उभी राहिली. पुन्हा लाल. सावलीत नेलं, लाल. पावडर पुसायला लावली, लाल. शेवटी आई म्हणाली, "बास झालं गं, पाय दुखले," आणि आत निघून गेली. चेष्टेची एवढी आयती संधी सोडून आई कधी जात नाही. ते मला खटकलं.

मी लॅपटॉप उघडला. लोचनबरोबर एक सॉफ्टवेअर येतं, त्यात दोन ठोक्यांमधलं अंतर सेकंदात दिसतं. माझे आकडे होते शून्य पूर्णांक ब्याऐंशी, एकोणऐंशी, पंच्याऐंशी, असे इकडेतिकडे. आईचे होते एक. एक. एक. एक. दीड मिनिटात नव्वद ठोके, सगळे एकेका सेकंदावर.

कॅमेरा चुकत नव्हता. आईचं हृदयच तसं चाललं होतं, आणि असं हृदय कुणाचं असतं हे मला माहीत नव्हतं.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी. सहा वर्षांपूर्वी पपा गेले, तेव्हा मी आईकडून शब्द घेतला होता : तुझ्या तब्येतीला काहीही झालं, की घर बंद करून माझ्याकडे पुण्याला यायचं, वाद नाही. आईने शब्द दिला, पण तो देताना तिने या घराकडे, मागच्या दाराकडे ज्या नजरेने बघितलं होतं ते मी विसरले नव्हते. तिचं चर्च, मालन सिस्टर आणि बाकीच्या निवृत्त नर्सांबरोबरची गुरुवारची बैठक, चाचांच्या घरातून येणारा तारा जुळवण्याचा आवाज, सगळं इथे होतं. पुण्यात तिला फक्त मी होते, आणि मी दिवसभर कॅमेऱ्यात डोकं घालून बसते.

मी बॅगेतून जुनी हार्ड डिस्क काढली. एकसष्टच्या एकसष्ट चाचण्यांचं मूळ चित्रण मी जपून ठेवलंय, जराही न दाबलेलं, म्हणजे कॉम्प्रेस न केलेलं, कारण दाबलेल्या फाइलीवर माझा विश्वास नाही. त्या सगळ्या फाइली एकेक करून त्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं.

पहिली सहा वर्षं आईची नाडी माझ्यासारखीच, इकडेतिकडे. मग तीन वर्षांपूर्वीच्या एका चाचणीत, सातव्या खाटेवर आई बोलता बोलता थांबली होती. आलेखावर त्या जागी ठोकाच नव्हता. दोन पूर्णांक एक सेकंद, सपाट रेघ. पुढच्या वर्षी एका ठिकाणी तीन पूर्णांक चार. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पाच पूर्णांक दोन.

तो व्हिडिओ मी चालवला. आई म्हणते, "बेड नंबर नऊ, टाके..." आणि थांबते. डोळे उघडे, पण बघत कुठेच नाहीत. ओठ पांढरे पडतात. एक हात दाराची कडी धरतो. आणि कॅमेऱ्यामागून आवाज येतो, माझा : "आई! लक्ष कुठंय तुझं? चल, पहिल्यापासून!"

मी लॅपटॉपचं झाकण आपटलं. माझ्या आईचं हृदय पाच सेकंद बंद होतं आणि मी तिच्यावर ओरडत होते. आणि तेवढ्यावर थांबले नव्हते मी. चॅनलचा पाचशेवा व्हिडिओ म्हणून असे सगळे अडखळलेले तुकडे जोडून मी 'आईचे रीटेक' केला होता. तीन लाख लोक हसले होते. 'आजी हँग झाल्या' असं कुणीतरी खाली लिहिलं होतं, आणि त्याला मी बदाम दिला होता.

मग मी पुन्हा झाकण उघडलं, कारण पुढच्या फाइली राहिल्या होत्या. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर एकही सपाट रेघ नव्हती. एक, एक, एक, एक. सहा कॅमेरे, तेरा महिने, एकसुद्धा ठोका चुकलेला नाही. खूण देणारे आधीचे कॅमेरे फार महाग, ते मला तपासायला मिळालेच नव्हते, म्हणून कळलं नव्हतं.

आई ओट्यापाशी भाकरी थापत होती. मी दारात उभी राहिले.

"आई, गेल्या वर्षी ऑक्टोबरात काय झालं?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, हात धुतले. मग माझ्याकडे वळली, पदर सारखा केला आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "बेड नंबर तेरा. मार्था सॅम्युएल लोंढे, वय सदुसष्ट. ठोके मध्येच थांबायचे, चक्कर यायची. चोवीस तास मॉनिटर लावला, निदान पक्कं झालं. सात ऑक्टोबरला डॉक्टर मगदूमांनी पेसमेकर बसवला. संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून मालन सिस्टरची सही. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पेशंट व्यवस्थित आहे, जेवण चांगलं आहे." मग हळूच म्हणाली, "नातेवाईकांना कळवलेलं नाही."

तिने ब्लाउजचा गळा थोडा बाजूला केला. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली दोन बोटांएवढा व्रण होता आणि त्याखाली एक छोटासा उंचवटा. रुपयाच्या दोन-तीन नाण्यांची चळत असावी एवढा.

"हृदयाला ठोक्याचा इशारा देणारी जी जागा असते ना, ती माझी म्हातारी झाली," आई म्हणाली. "इशारा द्यायला विसरायची. आता हे यंत्र वाट बघतं. सेकंदभरात इशारा आला नाही तर स्वतः देतं. तुझा कॅमेरा हुशार आहे गं. त्याने बरोबर ओळखलं, इशारा माणसाचा नाही ते."

"आणि तू मला सांगितलं नाहीस!" मी ओरडले. चाचांकडचा तारांचा आवाज थांबला, एवढी ओरडले. "मालन सिस्टरला सही करायला लावलीस, मी काय मेले होते? तुला टेबलावर काही झालं असतं तर मला फोन कुणी केला असता? मालन सिस्टरने?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"पुण्याला नेलं असतं!"

"म्हणून नाही सांगितलं."

मी खाली बसले, तिथेच, ओट्याच्या बाजूला फरशीवर. राग होताच, पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते मला गप्प बसू देईना. "आई, मी सगळे जुने व्हिडिओ बघितले," मी म्हणाले. "तू थांबायचीस तेव्हा तुझं हृदय बंद पडायचं. आणि मी तुला बोलायचे. लक्ष नाही म्हणायचे. त्याचा मी विनोदी व्हिडिओ केला, आई. लोकांना हसवलं." मग मला रडूच फुटलं.

आई भाकरी करपू देत नाही, कुणी रडत असलं तरी. तिने ती उलटली, गॅस बारीक केला आणि माझ्याशेजारी फरशीवर बसली.

"येडी कुठली," ती म्हणाली. "तो व्हिडिओ नसता तर मी आज कुठे असते?"

मी नाक पुसून विचारलं, "म्हणजे?"

"अगं, मला काही कळायचंच नाही. हृदय थांबलं की माणसाला ते थोडंच कळतं? मला वाटायचं मी अखंड बोलतेय आणि तू उगाच खेकसतेस. मनातून मी तुला शिव्या द्यायची, खोटं कशाला सांगू. मग तुझा तो रीटेकचा व्हिडिओ आला. मालन सिस्टर आणि मी इथेच बसून बघत होतो, हसत होतो. तिसऱ्या तुकड्याला मालन हसायची थांबली. मी पण थांबले. चौतीस वर्षं वॉर्डात काढली आम्ही. ओठांचा रंग असा जातो आणि असा येतो तो कशाने, हे आम्हाला कुणी सांगायला लागत नाही. मनगटावरच्या घड्याळावर सेकंद मोजले. फोन पर्समध्ये टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मगदूमांच्या पुढ्यात तो व्हिडिओ लावला. ते म्हणाले, सिस्टर, असा पुरावा घेऊन आलेला पहिला पेशंट तुम्ही. नाहीतर आम्ही महिनोन्महिने चक्कर शोधत बसतो."

मी आधी रडले आणि मग हसले, आणि मग काय चाललंय तेच कळेना. छातीवरचं मणभर ओझं कुणीतरी उचलून नेलं. आई जिवंत होती. माझ्या त्या फाजील व्हिडिओने ती जिवंत होती. आईने पाठीवर दोन धपाटे घातले आणि म्हणाली, "आता ऊठ, भाकरी खा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खरा प्रश्न पुढे आला. लोचनबद्दल मी सांगणार काय? कॅमेरा चांगला होता. पण पेसमेकर असलेल्या प्रत्येक माणसाला तो खोटं ठरवणार होता. आणि पुढच्या वर्षीपासून पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखलाही याच पद्धतीने घ्यायचं घाटत होतं. म्हणजे बसवलेलं यंत्र नीट चालतंय म्हणून म्हातारा माणूस कागदावर मेलेला. हे न सांगता मी कॅमेऱ्याला गुण दिले असते तर माझ्या धंद्याला काळिमा. सांगायचं तर पुरावा लागणार, आणि पुरावा आईच्या छातीत होता. तिने तो पोटच्या पोरीपासून वर्षभर लपवला होता.

"तुझं नाव नाही घेणार मी," मी म्हणाले. "मगदूमांचा दुसरा एखादा पेशंट शोधते."

"का? माझा चेहरा वाईट आहे?" आई म्हणाली. "लपवायचं होतं ते तुझ्यापासून. जगापासून लपवायला मी काय चोरी केलीय?"

तर दुपारी चार वाजता ती पुन्हा निळ्या दारापुढे उभी राहिली. इस्त्रीची पांढरी साडी, केसांना तेल. कॅमेऱ्याने लाल अक्षरं दाखवली. आई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "हे मशीन म्हणतंय मी माणूस नाही. माझ्याकडे रेशनकार्ड आहे, बाप्तिस्म्याचा दाखला आहे आणि दोन खोटे दात आहेत. शिवाय एक पेसमेकर आहे." मग तिने सगळं सांगितलं, अगदी ओव्हर दिल्यासारखं.

तिलाच एक युक्तीही सुचली. तिच्या यंत्रात हालचाल ओळखणारा एक भाग होता, माणूस चालायला लागला की ते ठोके आपोआप वाढवतं. "थांब," ती म्हणाली आणि शाळेतल्या कवायतीसारखे हात वरखाली करत जागच्या जागी चालायला लागली. ठोके साठावरून सत्तर, सत्तरावरून ब्याऐंशी झाले, आता सगळे सारखे नव्हते, आणि दीड मिनिटाने पडद्यावर हिरवी खूण आली. भिंतीपलीकडून शौकतचाचांनी टाळ्या वाजवल्या.

पण मी व्हिडिओत स्पष्ट म्हणाले, हा उपाय नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने कवायत कशी करायची? कंपनीने एवढ्याशा कॅमेऱ्यात एवढं तंत्र बसवलं याचं कौतुक आहे, पण हृदयाचे डॉक्टर सोडा, एखाद्या नर्सला जरी विचारलं असतं तरी ही चूक झाली नसती. चित्र दहापैकी आठ, फोकस आठ, माइक तीन. खूण सुधारेपर्यंत घरात कुणी पेसमेकरवालं असेल तर घेऊ नका.

व्हिडिओखाली आठवडाभर माणसं लिहीत राहिली. कोल्हापूरचे एक कीर्तनकार, परभणीच्या एक शिक्षिका, खेडचे दशावतारात काम करणारे एक गृहस्थ, सगळ्यांना कॅमेऱ्यांनी कृत्रिम ठरवलं होतं आणि का ते कुणाला कळलं नव्हतं. तेविसाव्या दिवशी लोचन कंपनीने सुधारणा पाठवली. नाडी फार शिस्तीत दिसली, तर कॅमेरा आता शिक्का नाकारत नाही, श्वासाबरोबर रंग कमीजास्त होतो का ते बघतो. कारण ठोका यंत्राने दिला तरी श्वास माणसाचाच असतो. मी सुधारणेनंतर पुन्हा चाचणी घेतली आणि गुण वाढवले.

पण ते नंतर. त्या दुपारी चित्रण संपवून मी आत आले तर आईच्या खाटेवर तिची प्रवासाची बॅग उघडी होती. त्यात चार साड्या, बायबल, औषधांचा डबा.

"हे काय?"

"शब्द दिला होता ना तुला," आई म्हणाली. "काहीही झालं की यायचं. झालं होतं. वर्षभर मी शब्द मोडला, आता तुला कळलंय. कधी निघायचं?" ती माझ्याकडे बघत नव्हती, साडीची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

सहा वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते. पुण्यात तिची खोली रंगवून तयार होती. पण रात्रभर मी ते आकडे बघितले होते. तेरा महिने, याच घरात, याच माणसांत, एकही ठोका न चुकता. आणि त्याआधी चूक ओळखली कुणी? मी शेजारी उभी राहून ओरडत होते. ओळखली ती गुरुवारच्या बैठकीतल्या मालन सिस्टरने. पुण्यात आईजवळ मी असते, मालन सिस्टर नसते.

"साड्या कपाटात ठेव," मी म्हणाले. "तुझा शब्द मी तुला परत करते. पण पुढच्या तपासणीला नातेवाईक म्हणून सही माझी. मालन सिस्टरला सांग, तुझी ड्यूटी संपली."

आईने बॅग बंद केली, जमिनीवर ठेवली आणि पायाने खाटेखाली ढकलली. "चहा टाकते," ती म्हणाली. डोळे पुसायला ती आत गेली हे मला कळलं, आणि मी तिला जाऊ दिलं.

डिसेंबरात आम्ही डॉक्टर मगदूमांकडे गेलो. त्यांनी आईच्या छातीवर एक चपटी चकती ठेवली आणि तारेशिवाय यंत्रातली सगळी माहिती पडद्यावर उतरली. ठोके किती, त्यांतले यंत्राने दिलेले किती, तारांची अवस्था काय. मी वही काढून लिहून घेत होते, सवयच आहे. डॉक्टरांना तो प्रकार गमतीचा वाटला असावा.

"आणि बॅटरी," ते म्हणाले, "नऊ वर्षं चार महिने."

नऊ वर्षांत एकसष्ट कॅमेरे तपासले मी. त्यांची बॅटरी दीड तास, दोन तास, फार तर अडीच. हा आकडा मी वहीत लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. आईची नऊ वर्षं चार महिने कुणीतरी मला मोजून, खात्रीने सांगत होतं, आणि त्यानंतर बॅटरी बदलताही येणार होती. मी भर दवाखान्यात, सगळ्यांसमोर, ओक्साबोक्शी रडायला लागले.

डॉक्टर घाबरून खुर्चीतून उठले. आईने त्यांना हाताने बसवलं.

"काही नाही डॉक्टर, तिला आवडलंय," ती म्हणाली.